एटीपीवर उणे तीन की उणे चार? फॉस्फेटचा प्रभार काढण्याची रीत

बारावीच्या पुस्तकात एटीपी नुसताच ‘एटीपी’ असतो. नीटच्या क्लासच्या नोट्समध्ये त्याच्या डोक्यावर उणे चार येते. बी.एस्सी.ला गेल्यावर एका संदर्भग्रंथात उणे तीन दिसते आणि एन्झाइमच्या धड्यात मॅग्नेशियमसह तोच रेणू उणे दोनवर उतरतो. काटोल, नरखेड, कोंढाळीकडच्या विद्यार्थ्यांना जैवरसायनशास्त्रात नेहमी पडणारा प्रश्न इथूनच सुरू होतो: यातले खरे काय?

चारही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. फॉस्फेटवरचा प्रभार हा रेणूला कायमचा चिकटलेला आकडा नाही. रेणू कोणत्या सामूच्या द्रावणात आहे आणि त्याच्यासोबत तिथे आणखी काय आहे, यावर तो ठरतो. म्हणून तो पाठ करून उपयोग नाही, काढता यावा लागतो. त्यासाठी लागणारे गणित पाच आकड्यांत मावते, आणि तेच गणित काटोलच्या संत्राबागेत ठिबकची टाकी भरताना उपयोगी पडते. दोन्हींची रीत पुढे टप्प्याटप्प्याने दिली आहे.

गोंधळ नेमका कुठे होतो

विद्यार्थ्यांचे प्रश्न फिरून फिरून याच पाच ठिकाणी येतात:

- फॉस्फेट कुठे उणे तीन, कुठे उणे दोन, कुठे उणे एक का लिहितात?
- तीन फॉस्फेट असलेल्या एटीपीवर नऊ किंवा सहा नाही, चारच उणे प्रभार कसे?
- डीएनएमध्ये प्रत्येक फॉस्फेटवर एकच उणे का?
- ‘एनएडी प्लस’ असे लिहितात, मग त्या रेणूवर एकूण धन प्रभार असतो का?
- समीकरणात ‘पीआय’, म्हणजे सुटे फॉस्फेट, लिहिले की त्याचा प्रभार किती धरायचा?

पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच रीतीने निघतात.

पायरी १: फॉस्फरसवरचे मोकळे हायड्रॉक्सिल मोजा

कागदावर रेणूची रचना काढा. प्रत्येक फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन दिसतील. त्यातला एक दुहेरी बंधाने जोडलेला असतो, त्याला सोडायला प्रोटॉन नाही, म्हणून तो मोजायचा नाही. उरलेल्या तिघांपैकी जे ऑक्सिजन कार्बनला किंवा शेजारच्या फॉस्फरसला जोडलेले आहेत, तेही बाद. जे फक्त हायड्रोजनला धरून आहेत तेवढेच प्रोटॉन सोडू शकतात. प्रभाराची कमाल मर्यादा तेवढीच.

- सुटे फॉस्फेट: तीन हायड्रॉक्सिल. कमाल उणे ३.
- एका बाजूने जोडलेले, म्हणजे मोनोएस्टर. ग्लुकोज-६-फॉस्फेट, एएमपी यांतले. दोन हायड्रॉक्सिल. कमाल उणे २.
- दोन्ही बाजूंनी जोडलेले, म्हणजे डायएस्टर. डीएनए, आरएनए, लेसिथिन यांतले. एक हायड्रॉक्सिल. कमाल उणे १.
- साखळीतले: टोकाच्या फॉस्फेटवर दोन, मधल्या प्रत्येकावर एक.

शेवटच्या ओळीतून एक सोपा नियम मिळतो. एका टोकाने शर्करेला जोडलेल्या साखळीत जितके फॉस्फेट, त्यात एक मिळवा. एएमपीत एक, म्हणून दोन. एडीपीत दोन, म्हणून तीन. एटीपीत तीन, म्हणून चार. एटीपीवर सहा किंवा नऊ उणे प्रभार का बसत नाहीत, याचे उत्तर एवढेच आहे: सोडायला तेवढे प्रोटॉनच नाहीत.

पायरी २: प्रत्येक हायड्रॉक्सिलचा पीकेए लिहा

सगळे प्रोटॉन सारख्या सहजतेने सुटत नाहीत. प्रत्येक प्रोटॉनचा एक पीकेए असतो. ज्या सामूवर त्या जागचे निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात, तो आकडा म्हणजे पीकेए. आकडा लहान असेल तर प्रोटॉन लवकर सुटतो.

फॉस्फोरिक ॲसिडचे तीन पीकेए साधारण २.१५, ७.२० आणि १२.३५ आहेत. पहिला प्रोटॉन लिंबाच्या रसाइतक्या आम्लतेतही सुटू लागतो. तिसरा सुटायला कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र आम्लारी लागते. म्हणून पेशीत किंवा शेतात सुट्या फॉस्फेटवर उणे ३ जवळपास नसतेच. पुस्तकात ते रूप दिसते ते बहुधा ट्रायसोडियम फॉस्फेटसारख्या क्षाराच्या सूत्रात.

जैविक रेणूंसाठी इतके आकडे वहीत उतरवून ठेवा:

- कोणत्याही जोडलेल्या फॉस्फेटचा पहिला प्रोटॉन: साधारण १ ते २. पेशीत तो सुटलेलाच असतो.
- ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एएमपी, दुसरा प्रोटॉन: सुमारे ६.१.
- एटीपी, टोकाचा दुसरा प्रोटॉन: पेशीतल्याइतक्या क्षारांत सुमारे ६.५. अगदी विरळ द्रावणात तो ७ च्या जवळ जातो.
- सुटे फॉस्फेट, दुसरा प्रोटॉन: विरळ द्रावणात ७.२, शरीरातल्या द्रवांत सुमारे ६.८.

एका पुस्तकात ७.२ आणि दुसऱ्यात ६.८ दिसले की छपाईची चूक समजू नका. आजूबाजूला क्षार वाढले की पीकेए थोडा खाली येतो. प्रश्नात जो आकडा दिला असेल तोच वापरा.

पायरी ३: सामू आणि पीकेए यांतला फरक काढा

इथे हेंडरसन–हॅसलबाल्ख समीकरण लागते. सामूतून पीकेए वजा केला की जो फरक येतो, तो प्रोटॉन सुटलेल्या आणि न सुटलेल्या रेणूंच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम असतो. परीक्षेत लॉगची सारणी हाताशी नसेल तरी हे पाच आकडे पुरतात:

- फरक ०: गुणोत्तर १ ला १. निम्मे सुटलेले.
- फरक ०.३: गुणोत्तर २ ला १. ६७ टक्के सुटलेले.
- फरक ०.६: गुणोत्तर ४ ला १. ८० टक्के सुटलेले.
- फरक ०.९: गुणोत्तर ८ ला १. ८९ टक्के सुटलेले.
- फरक १: गुणोत्तर १० ला १. ९१ टक्के सुटलेले.

फरक २ किंवा त्याहून जास्त असेल तर ९९ टक्क्यांवर सुटलेले, म्हणून पूर्ण सुटले धरा. फरक उणे २ किंवा त्याहून खाली असेल तर सुटलेच नाही असे धरा. फरक उणे असेल तर गुणोत्तर फक्त उलटे करायचे: उणे ०.३ म्हणजे १ ला २.

आता रक्तातले सुटे फॉस्फेट घ्या. सामू ७.४, पीकेए ६.८, फरक ०.६. म्हणजे पाचातले चार रेणू उणे २ आणि एक उणे १. सरासरी उणे १.८. कुठलाही एक रेणू उणे १.८ नसतो, हे लक्षात ठेवा. सरासरी समूहाची असते आणि प्रत्येक रेणूवर पूर्णांकच असतो.

हेच फॉस्फेट मूत्रपिंडातून ६ सामूच्या लघवीत आले की फरक उणे ०.८ होतो आणि जेमतेम १४ टक्के रेणू उणे २ राहतात. सरासरी उणे १.१४ वर येते. रक्तात उणे २ असलेले फॉस्फेट वाटेत एकेक प्रोटॉन उचलून बाहेर नेते. शरीरातले जादा आम्ल बाहेर टाकण्याचा हा एक नेहमीचा मार्ग आहे.

एटीपीसाठी: सामू ७.४, पीकेए ६.५, फरक ०.९. तीन प्रोटॉन आधीच गेलेले, चौथा ८९ टक्के रेणूंत गेलेला. सरासरी उणे ३.८९. म्हणून पुस्तके उणे ४ लिहितात. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेसारखी दमछाक झाली की स्नायूतला सामू ७ वरून साडेसहाच्या आसपास उतरू शकतो. तिथे फरक शून्य, म्हणजे निम्मे रेणू उणे ४ आणि निम्मे उणे ३. ‘तीन की चार’ या प्रश्नाला ‘किती सामूवर?’ असा उलट प्रश्न का करावा लागतो, ते इथे स्पष्ट होते.

पायरी ४: फॉस्फेटखेरीजचे गट विसरू नका

रेणूचा एकूण प्रभार म्हणजे सगळ्या गटांची बेरीज. पेशीच्या सामूला नेहमी भेटणारे गट असे:

- कार्बोक्सिल: उणे १.
- साधा अमाइन, उदाहरणार्थ सेरीन किंवा इथेनॉलअमाइनमधला: अधिक १.
- कोलीनचा नायट्रोजन: कायम अधिक १, सामू कितीही असो.
- एनएडीमधले निकोटिनामाइडचे वलय: ऑक्सिडीकृत रूपात अधिक १, क्षपित रूपात शून्य.
- ॲडेनीनवरचा अमाइन: शून्य.

शेवटच्या ओळीवर बरेच जण घसरतात. ॲडेनीनवर नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन दिसले की त्याला अधिक १ देण्याचा मोह होतो. पण त्या नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी वलयात गुंतलेली असते, त्यामुळे तो प्रोटॉन घेत नाही. ॲडेनीनचे वलय प्रोटॉन घेते ते वलयातल्याच दुसऱ्या नायट्रोजनवर, तेही सामू ४ च्या खाली गेल्यावर. पेशीत त्याचा हिशेब शून्य.

पायरी ५: ताळा करून पाहा

उत्तर बरोबर आहे का, हे समजण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या प्रभारांची बेरीज. ती जुळलीच पाहिजे.

- एटीपीचे जलविघटन: डावीकडे एटीपी उणे ४, पाणी शून्य. उजवीकडे एडीपी उणे ३, फॉस्फेट उणे २, सुटा प्रोटॉन अधिक १. दोन्हीकडे उणे ४.
- हेक्सोकायनेज: डावीकडे ग्लुकोज शून्य, एटीपी उणे ४. उजवीकडे ग्लुकोज-६-फॉस्फेट उणे २, एडीपी उणे ३, प्रोटॉन अधिक १. जुळले.
- १,३-बिसफॉस्फोग्लिसरेटपासून एटीपी: डावीकडे उणे ४ आणि एडीपी उणे ३. उजवीकडे ३-फॉस्फोग्लिसरेट उणे ३ आणि एटीपी उणे ४. दोन्हीकडे उणे ७. इथे प्रोटॉन लिहायची गरजच पडत नाही.

पहिल्या दोन समीकरणांत प्रोटॉन लिहायचा राहिला तर ताळा लगेच चूक दाखवतो. ‘पीआय’ला उणे २ का धरायचे, याचेही उत्तर त्यातच आहे.

हाताशी ठेवण्याची यादी

सामू ७.४, मॅग्नेशियम नाही, पूर्णांकात:

- एएमपी उणे २, एडीपी उणे ३, एटीपी उणे ४.
- चक्रीय एएमपी उणे १. त्यातले एकच फॉस्फेट शर्करेला दोन जागी जोडलेले असते.
- पायरोफॉस्फेट उणे ३.
- फॉस्फोइनॉलपायरुव्हेट उणे ३: फॉस्फेटचे दोन, कार्बोक्सिलचा एक.
- २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट उणे ५: दोन फॉस्फेटचे चार, कार्बोक्सिलचा एक. एवढ्या उणे प्रभारामुळेच तो हिमोग्लोबिनच्या मधल्या धनप्रभारित पोकळीत घट्ट बसतो आणि ऑक्सिजन सोडायला मदत करतो.
- क्रिएटिन फॉस्फेट उणे २: फॉस्फेटचे दोन, कार्बोक्सिलचा एक, आणि ग्वानिडिनियम या नायट्रोजनी गटाचा अधिक १.
- एनएडी प्लस उणे १, एनएडीएच उणे २.
- एनएडीपी प्लस उणे ३, एनएडीपीएच उणे ४.
- लेसिथिन, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन: शून्य. फॉस्फॅटिडिलसेरीन: उणे १. कार्डिओलिपिन: उणे २.
- डीएनए: प्रत्येक दुव्याला उणे १.

नेहमी पाय घसरतात त्या जागा

- नावातले ‘प्लस’. एनएडी प्लसमधले ‘प्लस’ फक्त निकोटिनामाइड वलयाचे आहे. दोन फॉस्फेटचे उणे २ त्यात मिळवले की एकूण उणे १ येते.
- पायरोफॉस्फेटला डोळे मिटून उणे ४ देणे. त्याच्यावर हायड्रॉक्सिल चार आहेत, पण शेवटच्याचा पीकेए ९ च्या वर आहे. पेशीच्या सामूला तो सुटत नाही.
- मॅग्नेशियम. पेशीतला बहुतेक एटीपी मॅग्नेशियमला धरून असतो. मॅग्नेशियमचे अधिक २ मिळवले की उणे ४ चे उणे २ होते. कायनेज एन्झाइमांना हेच जोडरूप लागते, म्हणून एन्झाइमच्या धड्यात तो आकडा दिसतो.
- डीएनएच्या टोकांचा हिशेब. २० अक्षरांचा कृत्रिम प्रायमर मागवला तर त्याच्या पाच-प्राइम टोकाला बहुधा फॉस्फेट नसते. दुवे १९, म्हणून प्रभार उणे १९. टोकाला फॉस्फेट जोडून मागवला तर त्याचे दोन मिळवून उणे २१.
- जेल इलेक्ट्रोफोरेसिसच्या तारा. डीएनए उणे असल्यामुळे तो धन टोकाकडे, म्हणजे लाल तारेकडे धावतो. नमुना काळ्या तारेच्या बाजूच्या खाचांत भरा. तारा उलट लागल्या तर डीएनए काही मिनिटांत खाचेतून मागे बफरमध्ये निघून जातो. संत्रावर्गीय झाडांवरच्या ग्रीनिंग रोगाचे पीसीआरने निदान करतानाही जेलवर नमुना याच दिशेने धावतो.
- फॉस्फोरिक आणि फॉस्फरस ॲसिड. दुसऱ्यात एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेला असतो आणि तो सुटत नाही. त्यामुळे हायड्रॉक्सिल दोनच आणि कमाल प्रभार उणे २. नागपुरी संत्र्याच्या डिंक्यावर आणि मूळकुजीवर फोसेटिल ॲल्युमिनियम वापरतात. झाडात गेल्यावर त्यातून हेच फॉस्फरस ॲसिड तयार होते. ते फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूवर काम करते, पण स्फुरदाची गरज भागवत नाही. खत म्हणून त्याच्यावर विसंबू नका.
- फायटिक ॲसिड. ज्वारी, तूर, सोयाबीनच्या दाण्यात स्फुरद मुख्यतः याच रूपात साठवलेले असते. सहा फॉस्फेट, बारा हायड्रॉक्सिल. पण सामू ७ ला बाराही सुटत नाहीत. पहिले सहा गेलेले असतात आणि उरलेले थोडे थोडे सुटत जातात. एवढा उणे प्रभार लोह आणि जस्ताला धरून ठेवतो. मोड आणताना दाण्यातले फायटेज एन्झाइम हे फॉस्फेट तोडते आणि ती पकड सैल होते.

काटोलच्या शेतात हेच गणित

काटोल परिसरातल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत. माती परीक्षणात सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येणे इथे नवे नाही. कृषी केंद्रात फॉस्फेटची तीन खते शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि त्यांतला मुख्य फरक प्रभाराचा आहे:

- १२:६१:०, मोनो अमोनियम फॉस्फेट. एक अमोनियम, म्हणून फॉस्फेट उणे १. द्रावणाचा सामू साडेचारच्या आसपास.
- १८:४६:०, डीएपी. दोन अमोनियम, म्हणून फॉस्फेट उणे २. द्रावणाचा सामू ८ च्या आसपास.
- ०:५२:३४, मोनो पोटॅशियम फॉस्फेट. एक पोटॅशियम, म्हणून फॉस्फेट उणे १.

नावातल्या ‘मोनो’ आणि ‘डाय’वरूनच फॉस्फेटचा प्रभार कळतो. पण खत मातीत विरघळून पसरले की पोत्यावरचा प्रभार टिकत नाही. तिथे जमिनीचा सामू ठरवतो. पीकेए ७.२ धरला आणि सामू ७.८ असेल तर फरक ०.६, म्हणजे पाचातले चार फॉस्फेट उणे २. सामू ८.२ असेल तर फरक १, म्हणजे अकरातले दहा. उणे २ असलेले फॉस्फेट अधिक २ असलेल्या कॅल्शियमशी जुळते आणि न विरघळणारा क्षार होऊन बसते. मुळे मात्र उणे १ चे रूप अधिक सहज घेतात. स्फुरद टाकूनही झाडाला पुरेसा मिळत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

यावरून बागायतदारांनी करायच्या गोष्टी:

- मातीच्या अहवालात स्फुरदाच्या आधी सामू आणि मुक्त चुना हे रकाने वाचा.
- चुनखडीच्या जमिनीतला उपलब्ध स्फुरद ऑल्सेन पद्धतीने काढलेला आहे ना, हे विचारा. आम्लधर्मी जमिनीसाठीची ब्रे पद्धत इथे चालत नाही.
- खत सगळ्या जमिनीवर फेकण्यापेक्षा मुळांच्या कक्षेत, शेणखतासोबत द्या. मातीशी संपर्क कमी आला तर स्फुरद कमी अडकतो.
- ठिबकसाठी १२:६१:० किंवा ०:५२:३४ घ्या. डीएपीचे दाणे टाकीत विरघळवू नका. गाळ राहतो आणि सामूही वर जातो.
- कॅल्शियम नायट्रेट आणि कोणतेही फॉस्फेट खत एकाच टाकीत मिसळू नका. वेगवेगळ्या दिवशी सोडा.

टाकी भरण्याआधी बरणीची चाचणी घ्या. आपल्याच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पारदर्शक बरणीत घ्या, ज्या प्रमाणात खत सोडणार त्याच प्रमाणात त्यात टाका, ढवळा आणि तास-दोन तास तसेच ठेवा. पाणी दुधाळ झाले किंवा तळाशी पांढरा साका बसला, तर तोच साका ड्रिपरमध्ये बसणार. अशा वेळी द्रावणाचा सामू खाली आणल्याशिवाय ते खत ठिबकमधून सोडू नका.

काटोलमध्येच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, आणि नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. बागेच्या मात्रेबद्दल शंका असेल तर मातीचा अहवाल सोबत घेऊन तिथे विचारा. तोंडी वर्णनावर मात्रा ठरवून घेऊ नका.

प्रयोगशाळेत फॉस्फेट मोजताना

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात फॉस्फेट मोजण्यासाठी फिस्के–सुब्बाराव पद्धत वापरतात. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ती १९२५ मध्ये मांडली. याच पद्धतीच्या आधाराने त्यांनी पुढे क्रिएटिन फॉस्फेट शोधले, आणि १९२९ मध्ये एटीपी वेगळा करणाऱ्यांतही ते होते. मॉलिब्डेटसोबत निळा रंग येतो तो सुट्या फॉस्फेटचा. एटीपीतले किंवा डीएनएतले जोडलेले फॉस्फेट आधी आम्लाने तोडावे लागते. निळा रंग एकूण फॉस्फेट सांगतो. त्याच्यावर किती प्रभार होता हे त्यातून कळत नाही, त्यासाठी मूळ द्रावणाचा सामू आधीच नोंदवून ठेवा.

परीक्षेत उत्तर कसे लिहावे

- सामू आणि पीकेए दोन्ही दिले असतील: गुणोत्तर काढा आणि सरासरी प्रभार दशांशात लिहा.
- फक्त सामू दिला असेल: कोणता पीकेए धरला ते लिहूनच पुढे जा.
- काहीच दिले नसेल: ‘सामू ७.४ धरून, मॅग्नेशियम वगळून’ असे पहिल्या ओळीत लिहा. मग पूर्णांकी उत्तर द्या.
- बहुपर्यायी प्रश्न असेल: पर्याय पूर्णांकात असतील तर वरची यादी वापरा. पर्यायांत दशांश दिसले तर प्रश्नात सामू कुठे दिला आहे ते शोधा.
- ‘एकूण प्रभार’ आणि ‘फॉस्फेटवरचा प्रभार’ हे वेगळे प्रश्न आहेत. लेसिथिनसाठी पहिल्याचे उत्तर शून्य आणि दुसऱ्याचे उणे १.

तुमचे हक्क

गृहीत धरलेला सामू लिहून बरोबर उत्तर काढले आणि तरीही गुण गेले, तर गप्प बसायचे कारण नाही.

- नीटची तात्पुरती उत्तरसूची जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत, प्रश्नामागे शुल्क भरून आक्षेप घेता येतो. आक्षेपासोबत मानक पाठ्यपुस्तकाचे पान जोडा आणि सामू न दिल्याने एकाहून अधिक उत्तरे संभवतात हे गणितासह दाखवा.
- विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. निकालानंतरची मुदत थोडी असते, ती महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात लगेच विचारा.
- तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा अधिकार माहिती अधिकार कायद्याखाली परीक्षार्थीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केले. अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.
- शेतकऱ्यांसाठी: २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते आणि त्यात सामू व स्फुरद दोन्ही असतात. रकाना कोरा दिसला तर तो भरून मागा.
- खत घेताना पक्के बिल मागा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याला ते द्यावेच लागते. बिलावर खताचे नाव आणि श्रेणी पोत्याशी जुळते का ते दुकानातच पाहा.

करून पाहा

खालची पाच उदाहरणे आधी स्वतः सोडवा. उत्तरे शेवटी आहेत.

१. सामू ६.४ ला एएमपी, दुसरा पीकेए ६.१.
२. सामू ७.४ ला फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट, पूर्णांकात.
३. एफएडी. फॉस्फेट दोन, दोन्ही साखळीच्या मधले, वलय प्रभाररहित.
४. ॲसिटिल कोएन्झाइम ए. साखळीच्या मधले फॉस्फेट दोन, शर्करेवर वेगळे मोनोएस्टर एक.
५. ८.२ सामूच्या जमिनीत विरघळलेले ०:५२:३४ मधले फॉस्फेट, पीकेए ७.२.

उत्तरे: १. फरक ०.३, दुसरा प्रोटॉन ६७ टक्के सुटलेला, म्हणून उणे १.६७. २. उणे ४. ३. उणे २. ४. मधल्या दोघांचे उणे २ आणि मोनोएस्टरचे उणे २, एकूण उणे ४. ५. फरक १, म्हणून उणे १.९१. पाचव्याचे उत्तर उणे १ आले असेल, तर पोत्यावरचा प्रभार धरला गेला आहे. पायरी ३ पुन्हा करून जमिनीचा सामू घाला.